तोंड बंद, कान उघडे: क्वीनच्या उत्तरार्धात एक फेरी

अट एकच: तिथे पोचल्यावर बोलायचं नाही. पुढे काय होणार हे तुम्हाला ठाऊक आहे, तिथल्यांना नाही. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या शेवटच्या अल्बमांबद्दल आज कुणीही तोंड उघडलं की गायक फ्रेडी मर्क्युरीचा मृत्यू त्या बोलण्यात आधीच येऊन बसलेला असतो. २०१८ च्या क्वीनवरच्या सिनेमानंतर तर जास्तच. ‘हॉट स्पेस’ वाईट आणि ‘इन्युएंडो’ थोर, हा निकाल बहुतेकांनी गाणी न ऐकताच लावलेला असतो. तो तपासायचा तर रेकॉर्डवरचं प्लास्टिक नुकतंच फाडलंय अशा दिवशी, भांडणाऱ्यांच्या शेजारी जाऊन उभं राहायला हवं. मोबाइल घरी ठेवा.

लंडन, मे १९८२ चा शेवट. तुम्ही एका रेकॉर्डच्या दुकानात शिरता. खोक्यांत एलपी उभ्या रचून ठेवल्यात आणि गिऱ्हाइकं बोटांनी त्या भराभर पुढे ढकलतायत. दुकानात सिगारेटचा धूर, ओल्या कोटांचा वास. काउंटरवरच्या वर्तमानपत्रात फॉकलंडच्या लढाईची मोठाली अक्षरं. त्याच्या शेजारी ‘हॉट स्पेस’ या नव्या अल्बमची चळत: चार भडक रंगांचे चौकोन, प्रत्येकात रेघांनी काढलेला एकेक चेहरा. ना बँडच्या चिन्हातला राजमुकुट, ना सिंह, ना परी. क्वीनची रेकॉर्ड आहे हे नाव वाचल्याशिवाय कळू नये असं कव्हर.

डेनिमचं बिनबाह्यांचं जाकीट घातलेला, पाठीवर बँडांच्या पट्ट्या शिवून घेतलेला विशीतला एक पोरगा चळतीसमोर उभा आहे. दुकानदार पहिली बाजू लावतो. ब्रासचा ठसका, त्याखाली सिंथसायझरवर वाजवलेला बास, यंत्रासारखे काटेकोर ड्रम. ‘स्टेइंग पॉवर’. पोरगा मान वाकडी करून स्पीकरकडे बघतो.

“ब्रायन कुठाय?”

पुढच्या वीस मिनिटांत हा प्रश्न तो चारदा विचारतो. ब्रायन मे म्हणजे वडिलांबरोबर घरी स्वतःच्या हाताने गिटार बनवणारा, प्लेक्ट्रमऐवजी सहा पेन्सचं नाणं वापरणारा, एकेका ओळीवर गिटारींचे थरावर थर चढवणारा माणूस. ‘बॉडी लँग्वेज’मध्ये तो जवळजवळ सापडतच नाही. पोरग्याचं दुःख खरं आहे, आणि खरं सांगायचं तर ते गाणं मलाही पातळ वाटतं. एक बासची ओळ, थोडे सुस्कारे, बाकी मोकळी जागा.

खोक्यापाशी उभी असलेली मुलगी मात्र ऐकून घेणारी नाही. “दोन वर्षांपूर्वी ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’वर नाचलास तेव्हा नाही विचारलंस ब्रायन कुठाय ते?”

“एक गाणं म्हणजे गंमत. अख्खी बाजू म्हणजे धर्मांतर.”

“तुला गंमत कळली. अमेरिकेला ती पहिल्या नंबरची वाटली. जॉनचं गाणं होतं ते. तो गप्प असतो म्हणून त्याचं बँडमध्ये काही नाही असं नाही.”

मुलीचा मुद्दा पक्का आहे. क्वीनमध्ये चौघंही गाणी लिहीत आणि चौघांच्याही गाण्यांनी बाजार जिंकला, असं भाग्य फार थोड्या बँडांना लाभतं. बासवादक जॉन डीकनचा कान काळ्या अमेरिकन संगीताकडे होता. ‘बॅक चॅट’ त्याचंच, आणि त्यात गिटारचा तुकडा असावा की नसावा यावरून त्याचं आणि ब्रायनचं स्टुडिओत चांगलंच वाजलं होतं. म्हणजे हे भांडण आधी बँडमध्ये झालं, मग दुकानात आलं.

आता तिशीचा, टक्कल पडू लागलेला एक गृहस्थ मध्ये पडतो. पहिल्या अल्बमांच्या कव्हरवर सिंथसायझर वापरलेला नाही असं अभिमानाने छापलेलं असायचं, याची तो आठवण करून देतो. १९८० च्या ‘द गेम’मध्ये ते व्रत मोडलं, त्याच सुमारास फ्रेडीने केस कापून मिशी ठेवली आणि तिथून सगळं बिघडलं, अशी त्याची मांडणी. मिशीवरून सिंथसायझरवर आणि सिंथसायझरवरून म्युनिकच्या नाइटक्लबांवर तो इतक्या सहज उड्या मारतो की तुमच्या लक्षात येतं: हा संगीतावर बोलतच नाहीये. ‘डिस्को’ हा शब्द उच्चारताना त्याचं तोंड कडू होतं. हा कडवटपणा त्याचा एकट्याचा नाही. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कोमिस्की पार्कवर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्ये डिस्कोच्या रेकॉर्डींनी भरलेलं खोकं स्फोटाने उडवलं गेलं आणि हजारो पोरं मैदानात घुसली. डिस्को हे काळ्यांच्या, लॅटिनोंच्या, समलिंगी पुरुषांच्या क्लबांतून आलेलं संगीत. त्या स्फोटातला सगळाच राग सुरांवर नव्हता. अमेरिकेतल्या कार्यक्रमांत मिशीवाल्या फ्रेडीच्या दिशेने स्टेजवर रेझर भिरकावले जात होते, तोही गिटार कमी पडल्याचा निषेध नव्हता.

तुम्हाला हे सगळं सांगावंसं वाटतं. अट आठवा.

एक गंमत बघा. पहिली बाजू संपते, सुई उचलली जाते आणि रेकॉर्ड कुणीच उलटत नाही. ब्रायन दुसऱ्या बाजूवर बसलाय. ‘पुट आउट द फायर’मध्ये तो पोटभर वाजतो. त्याच बाजूला शेवटी डेव्हिड बोवीबरोबरचं ‘अंडर प्रेशर’ आहे, जे आदल्या वर्षीच ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर जाऊन आलंय. आणि मध्ये ब्रायनचंच ‘लास पालाब्रास दे आमोर’, ज्याच्या धृपदात स्पॅनिश शब्द आहेत. आदल्या वर्षी अर्जेंटिनातली स्टेडियमं क्वीनने भरली होती. तिथल्या चाहत्यांच्या प्रेमाची ही पोचपावती. नेमकं हेच गाणं जूनच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये सिंगल म्हणून निघतं, फॉकलंडची लढाई अजून चालू असताना. अशा मुहूर्तावर शत्रूच्या भाषेत प्रेमगीत काढणाऱ्यांना काय म्हणावं? माझ्या मते धीट. दुकानातल्या टकल्या गृहस्थाच्या मते बहुधा मूर्ख.

५ जून, शनिवार. लंडनच्या उत्तरेला मिल्टन कीन्स. पूर्वी इथे मातीची खाण होती, तिचंच आता गवताचं भलंमोठं खुलं प्रेक्षागृह झालंय. दुपारपासून उतारांवर माणसं पसरलीयत. उन्हाने लाल झालेले खांदे, प्लास्टिकच्या बाटल्या, अंथरलेली ब्लँकेटं. क्वीनच्या आधी जे बँड वाजवतात त्यांतल्या ‘टिअरड्रॉप एक्स्प्लोड्स’वर याच बाटल्या फेकल्या जातात. आपल्या बँडशिवाय दुसरं काही ऐकायचंच नाही अशा मूडमधली ही गर्दी. डेनिमवाला पोरगा इथे आहे आणि ती मुलगीही; दोघं एकमेकांकडे न बघता वीस फुटांवर उभी आहेत.

दिवस मावळतो. ‘वुई विल रॉक यू’ दुप्पट वेगात येतं आणि उतारांवरची माणसं एकदम उभी राहतात. मग फ्रेडी माइकशी बोलायला लागतो. आता काही नवी, फंकच्या अंगाची गाणी होतील. म्हणून आमच्यातलं रॉक संपलं असं समजू नका, शेवटी ती एक रेकॉर्डच आहे, लोक उगाच एवढे तापतात, अशा अर्थाचं तो बोलतो, वर एक सौम्य शिवी. हे बोलणं ध्वनिमुद्रित झालंय; आज कुणालाही ऐकता येतं. पण तिथे उभं राहून ऐकल्यावर वेगळं जाणवतं. हजारोंच्या समोर, मैफल ऐन रंगात आलेली असताना, एवढा मोठा कलावंत आपल्या नव्या अल्बमची बाजू मांडतोय. त्याला ते लागलंय.

आणि मग ‘स्टेइंग पॉवर’ सुरू होतं. तेच गाणं, दुकानात ऐकलेलं? जॉनने बास बाजूला ठेवून गिटार घेतलीय, बासची ओळ कीबोर्डवर मॉर्गन फिशर वाजवतोय, रॉजर टेलरचे खरे ड्रम यंत्राची जागा घेऊन अंगावर येतायत आणि ब्रायन सगळ्यात वर आहे. ब्रासचा पत्ता नाही आणि त्याची उणीवही नाही. पुढे ‘बॅक चॅट’ होतं तेव्हा तर ब्रायनची गिटार अशी कापत जाते की स्टुडिओतलं ते भांडण कशासाठी होतं हे कळतं. तुम्ही डेनिमवाल्याकडे बघता. तो हाताची घडी घालून उभा आहे, पण त्याचा उजवा पाय ऐकत नाहीये.

‘हॉट स्पेस’बद्दलचं माझं मत या संध्याकाळीच ठरतं. गाणी वाईट नव्हती. ध्वनिमुद्रण कोरडं, संकोचलेलं होतं. फंक वाजवायचं तर घाम लागतो आणि म्युनिकच्या स्टुडिओत तो पुसून टाकला गेला. चाहत्यांनी दोष दिशेला दिला. दोष हाताळणीचा होता. ब्रिटनच्या यादीत चौथा आणि अमेरिकेत बाविसावा नंबर मिळवून अल्बम खाली सरकला. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ आला. त्यात एका गाण्यावर एडी व्हॅन हेलनची गिटार होती आणि नाचाच्या ठेक्यात रॉक मिसळल्याबद्दल सगळ्या जगाने टाळ्या वाजवल्या. रॉकवाल्याने नाचात जाणं बाटणं ठरलं आणि नाचवाल्याने रॉक आणणं प्रतिभा. क्वीनने फ्रेडीबरोबर अमेरिकेचा दौरा १९८२ नंतर पुन्हा कधीच केला नाही.

१९८४ आणि ८५ मध्ये फार रेंगाळू नका, तो भाग सगळ्यांनी सिनेमात पाहिलाय. फक्त १३ जुलै १९८५ ला वेम्बलीत दोन मिनिटं उतरा आणि हात बघा. लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीतल्या त्या वीसेक मिनिटांत डोक्यावर नेऊन वाजवलेल्या टाळ्यांचं जे दृश्य जगाच्या डोळ्यांत राहिलं ते कुठल्या गाण्याचं? ‘रेडिओ गा गा’चं. १९८४ च्या ‘द वर्क्स’मधलं, रॉजरने लिहिलेलं, सिंथसायझर आणि ड्रम मशीनवर उभं केलेलं गाणं. कव्हरवरच्या त्या जुन्या सूचनेची शपथ घालणारे कितीतरी जण त्या गर्दीत टाळ्या वाजवत असणार. ‘द वर्क्स’ हा मात्र हिशेबी अल्बम आहे: ज्याला जे हवं ते एकेक वाढून ठेवलेलं. १९८६ चा ‘अ काइंड ऑफ मॅजिक’ अर्धा ‘हायलँडर’ सिनेमासाठी, अर्धा वाऱ्यावर. ९ ऑगस्ट १९८६ ला नेबवर्थच्या मैदानात लाखाच्या वर माणसं जमतात. फ्रेडीबरोबरचा तो क्वीनचा शेवटचा कार्यक्रम ठरतो आणि हे त्या गर्दीतल्या कुणालाही माहीत नसतं.

इथून सरळ १९९१ ला जायचं, पण वाट वाकडी करून आधी पाचगणी.

साधारण १९६० चा सुमार. मुंबईहून पुणं, पुण्याहून घाट चढून वर. सिल्व्हर ओकची उंच झाडं, लाल माती, पोरांच्या गुडघ्यांवर तिचे डाग. सेंट पीटर्स शाळेत झांजिबारहून आलेला एक पारशी मुलगा आहे, फारुख बलसारा. त्याला इथे फ्रेडी म्हणू लागलेत. शाळेतल्या पाच मुलांचा ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड आहे. चहाच्या खोक्यापासून केलेला बास, आणि पियानोवर फारुख. पुढे उभं राहून गाणारा वेगळाच मुलगा. ही पोरं काय वाजवतात? लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो, क्लिफ रिचर्ड. म्हणजे रेडिओवर ऐकलेलं, पाय थिरकवणारं संगीत. ऐकणाऱ्या शाळकरी मुलामुलींना नाचायला लावणं एवढाच उद्देश. फारुखचा डावा हात बूगी-वूगीचा ठेका धरून असतो आणि तो पियानोवर बसलेला असूनही मागे राहत नाही.

हे ऐकून लंडनच्या दुकानातल्या गृहस्थाच्या म्हणण्याचा रोख आठवा: नाचाचं संगीत क्वीनच्या रक्तात नाही. चौघांपैकी निदान एकाच्या बाबतीत ते साफ चूक आहे. ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ या सहा मिनिटांच्या ऑपेराच्या कितीतरी आधी, साताऱ्याच्या डोंगरात, तो लोकांना नाचवत होता. ‘हॉट स्पेस’ला जे फितुरी म्हणतात त्यांना मी पाचगणीचा पत्ता देईन.

फेब्रुवारी १९९१. उत्तर इंग्लंडातल्या एका फ्लॅटमध्ये पाच-सहा जण जमलेत. खिडकीवर बर्फ, चहाचे मग, टेबलावर ‘इन्युएंडो’ची एलपी आणि सीडी दोन्ही. एलपीवर काही गाणी छाटलीयत, सीडीवर पूर्ण आहेत. पहिला वाद त्याच्यावरच. शीर्षकगीत जानेवारीत सिंगल म्हणून आलं आणि थेट पहिल्या नंबरवर गेलं, साडेसहा मिनिटांचं असूनही.

इथे तुमची खरी परीक्षा आहे. फ्रेडीच्या तब्येतीच्या अफवा या खोलीतही पोचल्यात. गेल्या वर्षी ब्रिट पुरस्कारांच्या समारंभात तो किती खंगलेला दिसला, हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. पण अफवा म्हणजे बातमी नव्हे, त्यामुळे इथे अजून संगीतावर भांडण चालू आहे, आणि काय सुंदर भांडण!

“हे ‘बोहेमियन’च पुन्हा शिजवलंय. मध्येच ठेका मोडायचा, तुकडे जोडायचे.”

“त्यात स्पॅनिश गिटार कुठे होती? आणि ही वाजवलीय ‘येस’च्या स्टीव्ह हाउने. पाहुणा बोलावून त्याला ऐन मधली जागा देणारा बँड थकलेला नसतो.”

“मांजरावर गाणं आहे रे यात. मांजरावर!”

“आणि ब्रायनची गिटार म्याव करते. हसलास की नाही?”

‘दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ज’ लागतं. एक बाई ते फार गोड आहे म्हणून उठून चहा करायला जातात. ‘द शो मस्ट गो ऑन’ संपतं तेव्हा कोपऱ्यातला एक जण म्हणतो, “आवाज जबरदस्त, पण पुन्हा तेच नाटकीपण. पडदा, मेकअप, हे सगळं झालंय याचं आधी.”

जीभ चावून बसा. त्या गाण्याच्या वेळी फ्रेडीला धड उभं राहणं कठीण होतं, हे जमेल का अशी ब्रायनला शंका होती आणि व्होडकाचा घोट घेऊन तो एका दमात गायला, हे ब्रायननेच पुढे सांगितलंय. कोपऱ्यातल्या माणसाला ते माहीत नाही. त्याचं मत क्रूर नाही. ते फक्त मोकळं आहे. आणि त्या मोकळ्या खोलीतही, सगळा वाद झाल्यावर, अल्बम पुन्हा पहिल्यापासून लावायला कुणी हरकत घेत नाही. १९८९ च्या ‘द मिरॅकल’बद्दल इथल्या कुणालाच एवढा वेळ भांडावंसं वाटलं नव्हतं. ‘इन्युएंडो’ चांगला आहे तो त्यामागच्या दुःखामुळे नव्हे. दुःख कळण्याआधीच तो चांगला होता. हे सांगू शकणारे श्रोते जगात जेमतेम साडेनऊ महिने होते.

आपल्याकडे कुमार गंधर्वांचं गाणं आजाराआधीचं आणि नंतरचं असं वाटून बोलायची सवय आहे. पण कुमार दुखण्यातून उठून पुढे चाळीसेक वर्षं गायले. श्रोत्यांना दया बाजूला ठेवून गाण्याकडे परत यायला सवड मिळाली. क्वीनच्या श्रोत्यांना ती मिळाली नाही. २३ नोव्हेंबरला फ्रेडीने आपल्याला एड्स असल्याचं निवेदन काढलं, २४ ला तो गेला. २७ ला लंडनमध्ये पारशी धर्मगुरूंनी अवेस्तातल्या प्रार्थना म्हटल्या. त्या आठवड्यानंतर ‘इन्युएंडो’ कुणीही नुसता अल्बम म्हणून ऐकलेला नाही, मीही नाही.

शेवटचा थांबा, नोव्हेंबर १९९५. ‘मेड इन हेवन’ आलाय आणि ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर आहे. आता भांडणं दबक्या आवाजात होतात, कारण वाईट म्हटलं तर मेलेल्याबद्दल वाईट बोलल्यासारखं वाटतं. तरी कुजबुज आहेच: हा क्वीनचा अल्बम धरायचा का? ‘आय वॉज बॉर्न टु लव्ह यू’ फ्रेडीच्या १९८५ च्या एकट्याच्या अल्बमातलं, त्यावर बाकीच्यांनी मागाहून वाद्यं चढवलीयत. ‘हेवन फॉर एव्हरीवन’ रॉजरच्या दुसऱ्या बँडने आधीच वाजवलेलं. खरोखर नवं असं थोडंच. त्यातलं ‘मदर लव्ह’ मे १९९१ मध्ये माँत्रोला गायलेलं. शेवटचं कडवं फ्रेडीकडून झालंच नाही, ते ब्रायन गातो. आवाज बदलतो त्या जागी अल्बमवरच्या सगळ्या शंका थांबतात. बाकी काही गाण्यांत मात्र चकाकी जास्त आणि फ्रेडी कमी आहे, आणि तसं म्हणण्यात अनादर नाही.

याच अल्बमवर ‘यू डोंट फूल मी’ आहे. फ्रेडीच्या आवाजाचे मागे राहिलेले तुकडे जोडून उभं केलेलं, बासच्या ठेक्यावर सरकणारं, निखळ नाचाचं गाणं. युरोपातल्या क्लबांत ते धो-धो वाजलं. चालीने, अंगाने ते ‘हॉट स्पेस’च्या पहिल्या बाजूला बसवलं असतं तर सांधा दिसला नसता. तेरा वर्षांनी कुणी विचारलं नाही ब्रायन कुठाय म्हणून.

परत आल्यावर माझा निकाल असा: उत्तरार्धात ‘इन्युएंडो’ पहिला, त्याच्या जवळपास दुसरा कुणी नाही. ‘द वर्क्स’ आणि ‘मेड इन हेवन’ त्याच्या खूप खाली. ‘द मिरॅकल’ विसरलात तरी चालेल. आणि ‘हॉट स्पेस’ला जेवढ्या शिव्या बसल्या त्यातल्या अर्ध्या परत घ्यायला हव्यात. पटत नसेल तर आधी त्याची दुसरी बाजू ऐका, मग मिल्टन कीन्सचं ध्वनिमुद्रण ऐका, आणि पहिली बाजू सगळ्यात शेवटी. मग या भांडायला.